जखम तळापासून भरू द्या

उसाच्या तोडीतलं धसकट पायात घुसलेला एक शेतकरी नंदगडच्या बाजूनं आमच्या दवाखान्यात आला होता. जखम वरून छान भरलेली, कातडी गुलाबी आणि कोरडी. पण पाय टेकवत नव्हता आणि रात्री थंडी वाजून ताप भरत होता. डॉक्टरांनी ती कातडी परत उघडली तेव्हा आतून वाटीभर पू निघाला. त्यानंतर रोज सकाळी मी ती जखम सलाइननं धुवायची, गॉजची लांब पट्टी चिमट्यानं पार तळापर्यंत भरायची आणि तोंड उघडं ठेवून वरून सैल बांधायची. तो रोज म्हणायचा, "सिस्टर, शिवून टाका की. उघडं कशाला ठेवताय?" मी म्हणायची, "मामा, तळातनं भरून येऊ दे. वरनं आधी मिटलं की आत सडतंय बघा." तिसऱ्या आठवड्यात तळाशी लाल, ओलसर, दाणेदार मांस दिसायला लागलं. गॉज काढताना टिपूसभर रक्तही आलं. नर्सला ते रक्त बघून बरं वाटतं, कारण तिथे जीव परत आलेला असतो.

माझं शिक्षण मिरजेचं, डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलातलं. पुढे 32 वर्षं बेळगाव आणि खानापूर भागात नोकरी केली. शेकडो जखमा मी अशा तळापासून भरल्या. माझ्या स्वतःच्या आत मात्र एक जखम नऊ वर्षं वरून मिटलेली होती. प्रभू येशूनं ती उघडली, धुतली आणि भरून आणली. ते कसं झालं आणि तुम्हालाही त्या वाटेनं कसं जाता येईल, ते इथे सांगते. तुम्ही जन्मानं ख्रिस्ती असाल, नव्यानं वचन वाचायला लागला असाल किंवा नुसतेच आतून थकून गेला असाल, कुणीही ही वाट धरावी.

आधी माझी जखम सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

2009 चा ऑगस्ट. मी रात्रपाळीला होते. साडेदहाला खानापूरहून धाकट्या भावाचा फोन आला, "अक्का, अप्पांना दम लागलाय, ये." वॉर्डात एका बाळंतिणीला रक्तस्राव होत होता. मी म्हटलं, "पेशंट गंभीर आहे रे, सकाळच्या पहिल्या गाडीनं येते." बेळगाव ते खानापूर अंतर 25-26 किलोमीटर. अप्पा पहाटे पावणेचारला गेले. दफनाच्या वेळी पाऊस धो धो पडत होता, आणि भाऊ सगळ्यांच्या देखत म्हणाला, "परक्यांना पाणी पाजायला हिला वेळ आहे, बापाला नाही." त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं.

चर्चमध्ये मात्र मी होतेच. कोयरमध्ये गायची, संडे स्कूल घ्यायची, महिला मंडळात प्रार्थना चालवायची. स्तोत्र 23 तोंडपाठ, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही." म्हणताना आवाज कधी हलला नाही. वरची कातडी एकदम छान होती.

पंडिता रमाबाईंची एक गोष्ट मला त्या काळात फार टोचायची. त्यांचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात झाला. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं, की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त अजून मिळालेला नाही. एवढ्या विदुषी बाईनं हे उघड लिहिलं. चर्चच्या रजिस्टरात नाव असणं वेगळं आणि त्याच्या हातात आपली जखम देणं वेगळं. तुमचं नाव रजिस्टरात असेल तर आनंद आहे, पण पुढचं काम बाकी असू शकतं.

तर सुरुवात कुठून करायची? एका प्रश्नापासून. योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या जीवनकथेत, 5 व्या अध्यायात बेथेसदा तळ्याच्या काठी 38 वर्षं दुखणं काढणारा माणूस आहे. येशू त्याला विचारतो, "तुला बरे होण्याची इच्छा आहे काय?" तो माणूस "हो" म्हणत नाही. मला पाण्यात सोडायला कुणी नाही, मी जातो तोवर दुसराच आधी उतरतो, असं गाऱ्हाणं सांगतो. हा प्रश्न आठवडाभर जवळ ठेवा. भाकऱ्या थापताना, बसमध्ये बसल्यावर स्वतःला विचारा. आणि त्याला जोडून आणखी एक विचारा, मी बरी झाले तर माझं काय जाईल? मला उत्तर मिळालं तेव्हा अंगावर काटा आला. भावावरचा राग गेला असता तर खाली जे होतं ते दिसलं असतं, आणि ते मला बघायचं नव्हतं. राग ही माझी कातडी होती.

दुसरी गोष्ट वाचनाची. सगळं बायबल एका दमात वाचायला घेऊ नका. मार्कचं शुभवर्तमान 16 अध्यायांचं, चारही शुभवर्तमानांत सर्वांत लहान. त्यातल्या 5 व्या अध्यायात ओवी, म्हणजे आकडा घातलेलं वचन, 21 पासून 43 पर्यंत आठ-दहा दिवस मुक्काम करा. मोठ्यानं वाचा, आपल्या कानांना ऐकू येईल असं. हा भाग मी नऊ वर्षं टाळत होते. पानं उलटताना तो आला की पुढे जायची.

एका रविवारी नेमका तोच पाठ वाचायला पाळकसाहेबांनी मला पुढे बोलावलं. याईर नावाचा सभास्थानाचा अधिकारी येशूच्या पाया पडतो, माझी मुलगी मरायला टेकली आहे, चला म्हणतो. येशू निघतो. वाटेत 12 वर्षं रक्तस्राव होणारी एक बाई गर्दीतून मागून येऊन त्याच्या वस्त्राला शिवते. आणि येशू थांबतो. तिकडे मुलगी शेवटचे श्वास घेतेय, याईराचा जीव कासावीस झालाय, आणि हा थांबून विचारतो, मला कोण शिवलं? तेवढ्यात घराकडून माणसं येऊन सांगतात की मुलगी गेली. तिथे माझा आवाज फुटला. रक्तस्राव होणारी बाई, तिच्यापाशी कुणीतरी थांबलेलं, आणि तिकडे घरात मरण. ती माझीच रात्र होती. पुढच्या ओव्या दुसऱ्या बहिणीनं वाचून पूर्ण केल्या.

घरी येऊन मी तो भाग परत परत वाचला. आधी वाटलं, देव माझं समाधान करतोय, तूही माझ्यासारखीच थांबलीस असं सांगतोय. दोन दिवस मी त्या समाधानात होते. तिसऱ्या दिवशी एका जागी अडकले. ओवी 29 मध्येच बाईचा रक्तस्राव थांबतो. बरी झाली, निघून जाऊ शकली असती. येशू तिला जाऊ देत नाही. ती थरथर कापत पुढे येते आणि त्याला सगळं खरं खरं सांगते. त्यानंतर, ओवी 34 मध्ये तो म्हणतो, "मुली, तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे, शांतीने जा." अंग 29 ला बरं झालं, शांती 34 ला मिळाली. मधे काय आहे? सगळं खरं सांगणं आहे.

इथे दोन शब्द समजून घ्या, फार उपयोगाचे आहेत. "बरे केले" याला मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे, त्याचाच अर्थ "तारले" असाही होतो. लूकच्या 7 व्या अध्यायात पापी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बाईला येशू हेच वाक्य बोलतो, आणि तिथे मराठीत तारणाचा शब्द आला आहे. येशूच्या लेखी शरीर बरं होणं आणि आत्मा तरणं ही दोन वेगळी खाती नाहीत. दुसरा शब्द शांती. यामागे इब्री "शालोम" उभा आहे, आणि त्याच्या मुळाशी अर्थ आहे पुरं असणं, काही उणं नसणं. न तडकलेल्या मडक्याला टिचकी मारली की जसा भरीव आवाज येतो, तसं. आमच्या खानापूरच्या कुंभारांकडे मडकं घेताना बायका टिचकी मारूनच घेतात. तडा डोळ्याला दिसत नाही, पण आवाज सांगतो.

आता तिसरं, आणि सगळ्यात अवघड. सगळं खरं सांगायचं. आधी फक्त देवाला. वही घ्या किंवा दार लावून मोठ्यानं बोला, पण आपल्या घरच्या भाषेत बोला. सभेतली प्रार्थनेची भाषा सुंदर असते, पण तिच्याआड लपता येतं. मराठीला याची लाज वाटायचं कारण नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी इंग्लंडहून येऊन येशूची कथा मराठी ओवीत रचली आणि ती 1616 मध्ये गोव्यात राचोलला छापली. नारायण वामन टिळकांनी तर ख्रिस्ताला अभंगात आणि भजनात आणलं. आमच्या चर्चमध्ये मराठी आणि कानडी दोन्ही भक्ती होतात, आणि कानडी आज्जी रडताना कानडीतच रडतात. देवाला सगळं कळतं. शब्द सापडत नसतील तर स्तोत्र 13 घ्या, "कोठवर?" असं विचारणारं. फारच काळोख असेल तर स्तोत्र 88 घ्या, ते अंधारातच संपतं. पवित्र शास्त्रानं ते तसंच ठेवलं आहे, शेवट गोड केलेला नाही.

त्या रात्री मी स्वयंपाकघरात बसून बोलले ते पहिलं वाक्य असं होतं, "देवा, मी जाऊ शकले असते."

खरं काय होतं ते सांगते. बाळंतिणीचा रक्तस्राव बाराच्या आत थांबला होता. दुसरी सिस्टर ड्यूटीवर होती. डॉक्टर स्वतः म्हणाले होते, जा, जीप घेऊन जा, ड्रायव्हर आहे. मी गेले नाही. दम लागून तडफडणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली होती, पण ते तोंड अप्पांचं असलेलं मला पाहवलं नसतं. मी भ्याले. नऊ वर्षं मी सगळ्यांना, अगदी नवऱ्यालाही, बाळंतिणीचीच गोष्ट सांगत आले होते.

तुमचं पहिलं वाक्य वेगळं असेल. पण ते सापडलं की अंगाला कळतं. गॉज तळाला टेकल्यावर पेशंट जसा श्वास रोखतो, तसं होतं. तिथे थांबा, वर परत येऊ नका.

देवाला सांगितल्यावर एका माणसाला सांगा. याकोबाच्या पत्रात 5 व्या अध्यायात, 16 व्या ओवीत, पातकं एकमेकांजवळ कबूल करा आणि निरोगी व्हावं म्हणून एकमेकांसाठी प्रार्थना करा, असं स्पष्ट आहे. कॅथलिक बांधवांना यासाठी पापनिवेदनाची सोय आहे, आणि तिथे ऐकलेलं गुरू बाहेर काढूच शकत नाहीत. आपण प्रॉटेस्टंट मंडळी मात्र "माझं आणि देवाचं आहे" म्हणून पुष्कळदा सुटका करून घेतो. माणूस निवडताना एवढं बघा, की त्यानं आजवर दुसऱ्या कुणाचं गुपित तुम्हाला सांगितलेलं नाही, आणि तो तुमचं बोलणं संपण्याआधी वचन काढून देत नाही. प्रार्थनासभेत सगळ्यांपुढे बोलू नका. तिथे जखम धुतली जात नाही, नुसती उघडी पडते.

मी बेळगावच्या कॅम्पातल्या एका निवृत्त पाळकबाईंकडे गेले. त्या सुपात तांदूळ निवडत होत्या. मी बोलत राहिले, त्यांचा हात हळूहळू थांबला. माझं संपल्यावर त्यांनी सूप खाली ठेवलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि योहानाच्या पहिल्या पत्रातलं वाक्य म्हटलं, "जर आपण आपली पापे पदरी घेतली तर तो विश्वसनीय व न्यायी आहे." पदरी घेतली! किती वेळा वाचलं होतं, पण पदर शब्द त्या दिवशी ऐकू आला. पदरात आपण शेंगा घेतो, फुलं घेतो, लेकरू घेतो. जे आपलं आहे तेच पदरात घेतो. ही माझी भीती, हे माझं न जाणं, असं म्हणून मी ते पदरात घेतलं आणि त्याच पदरातून त्याच्यापुढे ठेवलं. क्षमा मिळाली. ती क्षमा मला झालेल्या शिक्षेतून आली नाही, वधस्तंभावर त्यानं दिलेल्या जिवातून आली. हे मी मनापासून मानते.

रोजच्या ड्रेसिंगबद्दल थोडक्यात. मी टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळ राहते. पहाटेची गाडी गेली की उठते. एक स्तोत्र, शुभवर्तमानातला एक छोटा प्रसंग, पाच मिनिटं गप्प, आणि एका माणसाचं नाव घेऊन प्रार्थना. 20 मिनिटं पुरतात. चुकलं तर दुसऱ्या दिवशी परत करायचं, भरपाई म्हणून दुप्पट करायचं नाही. प्रभुभोजनाचा रविवार चुकवू नका. भाकर तिथे मोडूनच देतात, तुम्हीही मोडलेल्या अवस्थेत जा.

आता एक गोष्ट नर्स म्हणून हात जोडून सांगते. विश्वासात आल्यावर गोळ्या बंद करू नका. प्रार्थनेनं बरं झालं असं कुणी सांगितलं म्हणून इन्सुलिन सोडलेली एक बाई माझ्यासमोर पाय गमावून बसली. लूक हा स्वतः वैद्य होता, पौलानं त्याला "प्रिय वैद्य लूक" म्हटलं आहे. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जीव नकोसा वाटत असेल तर मनोविकार डॉक्टरांकडे जा. ताबडतोब बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस सेवा 14416 या नंबरवर फुकट आहे. प्रार्थना आणि गोळी एकाच पाण्याच्या घोटाबरोबर घ्या, त्यात विश्वास कमी होत नाही.

यानंतर ज्याच्याशी तुटलं आहे, त्याच्याकडे जायचं. मत्तयाच्या 5 व्या अध्यायात येशू म्हणतो की वेदीजवळ दान ठेवताना भावाचं आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. पण हे पाऊल शेवटचं आहे. आधीची सोडून इथे उडी मारली तर आपण भावाकडे क्षमा मागायला जातो आणि बोलता बोलता हिशेब मागून येतो. आणि ज्या घरात मारहाण होते, जीवाला धोका आहे, तिथे परत जायला येशूनं सांगितलेलं नाही. लांब राहूनही क्षमा करता येते, पोलिसांत तक्रार देऊनही करता येते. कुणी वचन दाखवून तुम्हाला परत पाठवत असेल तर ऐकू नका.

मी डिसेंबरमध्ये गेले. सकाळची थंडी, भाऊ परसात न्हाणीच्या चुलीत लाकडं सारत होता. मला बघून उठला नाही, पण पाट सरकवला. आम्ही विस्तवाजवळ बसलो. मला येशूचा शिष्य पेत्र आठवला. त्यानं कोळशाच्या शेकोटीजवळ उभं राहून तीनदा येशूला नाकारलं होतं, आणि पुनरुत्थानानंतर येशूनं तळ्याच्या काठी कोळशाचाच विस्तव पेटवून, मासे भाजून, त्याला तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का? योहानानं दोन्ही जागी कोळशाचा विस्तव नेमका लिहून ठेवला आहे. ज्या वासाशी लाज जोडलेली होती, त्याच वासात त्यानं पेत्राला परत उभं केलं.

मी भावाला सांगितलं. जीप होती, डॉक्टर जा म्हणाले होते, मी भ्याले म्हणून आले नाही. तो बराच वेळ बोलला नाही. लाकूड आत ढकललं, धूर डोळ्यात गेला म्हणून डोळे पुसले. मग म्हणाला, "अक्का, मी तुला साडेदहाला फोन केलो. त्यांना दम पाचलाच लागला होता. मला वाटलं उतरंल." नऊ वर्षं तोही तेच घेऊन बसला होता. माझ्यावर ओरडला होता, ते स्वतःचं ऐकू येऊ नये म्हणून.

याईराची मुलगी त्याच दिवशी उठली, तिला खायला द्या असं येशूनं सांगितलं. आमचे अप्पा उठले नाहीत. ते उठतील अशी आमची आशा आहे, पण आज त्यांची जागा रिकामी आहे, आणि अजूनही ऑगस्टच्या पावसात रात्री फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येतो. तुम्हालाही असं काही उरेल. पुनरुत्थित प्रभूनं आठ दिवसांनी थोमा या शिष्याला आपले हात दाखवले तेव्हा त्यावर खिळ्यांचे व्रण होते. त्याच हातांनी तो "तुम्हांस शांती असो" म्हणाला होता. व्रण उरला म्हणून जखम भरलीच नाही असं समजू नका. व्रणावर बोट ठेवून बघा, दाबल्यावर खालून पू येतो की नुसतं जुनं दुखणं जाणवतं. पू आला तर परत मार्क 5 पासून सुरू करा, त्यात हार नाही. मीही दोनदा केलं आहे.

ईस्टरला पहाटेची भक्ती आमच्याकडे दफनभूमीत होते. आदल्या दिवशी सगळे आपापल्या माणसांच्या कबरी साफ करायला जातात. यंदा भाऊ खुरपं घेऊन आला आणि अप्पांच्या कडेचं गवत काढायला बसला. मी बादलीनं दगड धूत होते. नाव आणि तारीख त्यानंच मागच्या वर्षी काळ्या रंगानं परत काढली होती.

"पाणी बेतानं घाल गं अक्का," तो खाली मान घालूनच म्हणाला, "अक्षरं जातील."